अंडी कुणाची, नाव कुणाचं?

दुकानात ज्याला सगळे ‘फायटर’ म्हणतात, तो बेट्टा मासा ज्यांनी घरी पाळलाय त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. टाकीच्या तळाशी किंवा पाण्यावरच्या फेसात पांढरे कण दिसतात, ती अंडी म्हणायची की आणखी काही? प्रश्न घरगुती आहे, त्याचं उत्तर मी देणारच आहे. पण त्याआधी तुम्हाला कलकत्त्याला घेऊन जायचंय. या माशाची अंडी कशी असतात आणि ती कोण सांभाळतं एवढी एक गोष्ट नीट पाहिली असती, तर विज्ञानातला साठ वर्षांचा घोटाळा टळला असता, असं माझं मत आहे.

थिओडोर कँटर हा जन्माने डॅनिश, पण नोकरी ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल वैद्यकीय सेवेत. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रसिद्ध अधीक्षक नॅथॅनियल वॉलिक हे त्याचे मामा. डॉक्टरकीच्या जोडीला साप, मासे, जे दिसेल ते गोळा करून त्याचं वर्णन लिहायचं, हा त्या काळच्या कंपनीच्या डॉक्टरांचा उद्योगच होता. कँटरने मलायातल्या माशांची सूची तयार केली आणि १८४९ साली ती कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आली. पिनांगमधल्या एका माशाला त्याने ‘पगनॅक्स’ हे नाव दिलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ भांडकुदळ. आता पिनांगचा हा मासा भांडकुदळ का ठरला? कारण कँटरच्या समजुतीप्रमाणे सयामचे लोक ज्याच्या झुंजी लावत, तो मासा म्हणजे याचीच एक जात होती.

सयामच्या झुंजींबद्दल त्याने जे लिहिलंय ते वाचून माणूस थक्क होतो. लोक या झुंजींवर मोठाल्या रकमा लावत, कधी कधी स्वतःला आणि बायकामुलांनाही पणाला लावत. झुंजी भरवण्याचा परवाना मक्त्याने दिला जाई आणि त्यातून राजाच्या खजिन्यात दरसाल चांगली भर पडे. तिथे गादीवर तेव्हा तिसरा राम होता. (द्यूतात माणसं पणाला लावण्याची गोष्ट आपल्याला काही नवी नाही म्हणा.)

पुढच्याच वर्षी, १८५० साली, बटाव्हियातला डच लष्करी डॉक्टर ब्लीकर याने तिकडच्या स्थानिक बोलीतला शब्द उचलून ‘बेट्टा’ ही प्रजाती स्थापन केली. हेही डॉक्टरच! आणि मग १९१० साली लंडनच्या संग्रहालयातल्या चार्ल्स टेट रीगन यांनी दाखवून दिलं की पिनांगचा मासा वेगळा आणि सयामचा झुंजार मासा वेगळा. पण ‘भांडकुदळ’ हे नाव आधीच पिनांगवाल्याला जाऊन चिकटलं होतं, ते काढता येईना. म्हणून रीगन यांनी खऱ्या झुंजाराला नवं नाव दिलं : बेट्टा स्प्लेंडेन्स, म्हणजे झळाळता बेट्टा.

या दोघांतला सगळ्यात ढळढळीत फरक अंड्यांचा आहे. पिनांगचा नर वाहत्या ओढ्यात राहतो आणि अंडी तोंडात धरून उबवतो. सयामचा नर राहतो भाताच्या खाचरात, साचलेल्या कोमट पाण्यात. तो लाळेने बुडबुडे चिकट करून पाण्यावर फेसाचं घरटं बांधतो आणि अंडी त्यात ठेवतो. बाटलीतल्या मेलेल्या नमुन्यावरून हे कुणाला कळणार? खाचरात पाय घालून मासे धरणाऱ्या पोराला मात्र ते सांगावं लागलं नसतं.

फेसाचंच घरटं का? खाचराच्या पाण्यात प्राणवायू कमी. हे मासे डोक्यातल्या एका खास इंद्रियाच्या मदतीने वरची हवा घेतात. त्यांचे भाऊबंद आपल्याकडेही आहेत : गंगेच्या खोऱ्यातले गौरामी, आणि बंगाली स्वयंपाकघरात हंडीत जिवंत ठेवतात तो कोई मासा. अंड्याला मात्र वर जाऊन श्वास घेता येत नाही, तेव्हा बापाने त्यालाच हवेच्या कडेला नेऊन ठेवायचं.

युरोपात हा प्रकार पहिल्यांदा नीट पाहिला तो पॅरिसच्या पिएर कार्बोनिए याने. १८६९ साली चीनमधून आलेल्या पॅराडाइज माशांची वीण त्याने काचेच्या टाकीत केली, पुढे गंगेतल्या गौरामीचीही केली. डार्विनने आपल्या पुस्तकात त्याची निरीक्षणं घेतली आहेत. पण पॅराडाइज माशाची अंडी तेलकट, हलकी. ती आपोआप वर येतात. बेट्टाची अंडी बुडतात, आणि तुमच्या टाकीतलं सगळं नाट्य त्या बुडण्यावर उभं आहे.

नर मादीभोवती शरीराचा वेढा घालतो, घटकाभर दोघं निपचित होतात, आणि मादीकडून थोडी थोडी अंडी सुटून खाली जाऊ लागतात. नर भानावर येतो, सूर मारतो, एकेक अंडं तोंडात टिपतो आणि वर नेऊन फेसात खोचतो. असे वेढे पुन्हा पुन्हा, काही तास. एका विणीत शंभरापासून कित्येक शेपर्यंत अंडी येतात.

आता ओळख. अंडं साधारण एक मिलिमीटरचं, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढं, आणि दुधासारखं पांढरं, अपारदर्शक. बुडबुडा आरपार दिसतो आणि चमकतो, अंडं चमकत नाही. काचेला चिकटलेला पारदर्शक बुळबुळीत गोळा असेल तर ती गोगलगायीची देणगी. उरलेलं खाणं फुगतं, भुरकट होतं. मादीच्या पोटाखाली एकच पांढरा ठिपका दिसतो, तेही अंडं नव्हे. ते अंडी बाहेर येण्याच्या नळीचं टोक आहे. नर नसतानाही मादी अंडी टाकते आणि बहुधा स्वतःच खाऊन टाकते. त्यातून काही निघत नाही, घाबरायचंही कारण नाही.

फळलेलं अंडं दिवसभरात आतून काळपट दिसू लागतं आणि सव्वीस ते अठ्ठावीस अंश उबेत दीड-दोन दिवसांत फुटतं. न फळलेल्यावर कापसासारखी बुरशी चढते. अंडी घालून झाली की मादीला लगेच बाहेर काढा, नाहीतर नर तिला जिवंत ठेवेलच असं नाही. पिल्लं आधी शेपट्या खाली करून घरट्याला लोंबकळतात. एखादं निसटलं की बाप पुन्हा तोंडात धरून वर आणतो. दोन-तीन दिवसांनी ती आडवी पोहू लागली की बापालाही हलवायचं.

हे सगळं सयामच्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. तिथे या माशाला म्हणतात ‘प्ला कात’, चावरा मासा. २०२२ साली जनुकांच्या अभ्यासातून निघालं की माणसाने हा मासा पाळायला घेतला त्याला किमान चारशे वर्षं झाली. म्हणजे कँटरच्या सूचीच्या दोनशेहून अधिक वर्षं आधी कुणीतरी जोड्या निवडत होतं, अंडी राखत होतं. सयाम सरकारचे मत्स्य सल्लागार असलेले अमेरिकन ह्यू स्मिथ यांनी नोंदवलंय की रानातला मासा काही मिनिटांत झुंज सोडतो, पाळीव वाणाचा तासन्‌तास लढतो. हा फरक कुणा अनाम माणसांनी अंड्याअंड्यातून घडवलाय. त्यांच्यातल्या एकाचंही नाव कुठल्याही सूचीत नाही, आणि हे मला खटकतं. थायलंडने २०१९ साली या माशाला राष्ट्रीय जलचर ठरवलं, पण ‘स्प्लेंडेन्स’पुढे नाव लागतं ते रीगन यांचं.

लांब झालर-पंखांचे, निळे-लाल मासे आज चेन्नईच्या कोलथूरपासून कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटपर्यंत विकले जातात, आणि त्यांच्याबरोबर थायलंडची एक जुनी सवयही आली आहे : पाण्यात बदामाचं वाळकं पान टाकायची. खायचा बदाम नव्हे, मुंबईच्या फुटपाथांवर आणि कोकणच्या किनाऱ्यावर ज्याची मोठी पानं लाल होऊन गळतात, तो देशी बदाम. पानाने पाणी चहासारखं होतं आणि नर तरंगणाऱ्या पानाखाली घरटं बांधतो. ऑनलाइन हीच पानं पाकिटात घालून विकतात. तुमच्या गल्लीत झाड असेल तर गळलेलं, पूर्ण वाळलेलं, रस्त्याच्या धुरापासून लांबचं पान घ्या, धुवा, आणि अंडी शोधायची असतील तर सकाळी त्या पानाच्या खालच्या बाजूला बॅटरी मारून पाहा.