शिडातून आलेली इंग्रजी

इंग्रजी वाक्प्रचार पाठ करताना मुलांना एकच अडचण येते: प्रत्येक शब्द ओळखीचा असतो, पण अर्थ मात्र लागत नाही. ‘टेकन अबॅक’ म्हणजे चकित होणे, हे वहीत लिहून घ्यायचे आणि परीक्षेनंतर विसरायचे. खरे तर या वाक्प्रचारांचे कूळ मालवण तालुक्यातल्या कट्टा गावच्या मुलांना परके नाही. त्यातले पुष्कळसे जहाजावर जन्मले आहेत.

आपल्याकडे इंग्रजी शिकण्याची रीतच मुळी एकाशेजारी एक भाषा मांडण्याची. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी ‘दर्पण’ हे वृत्तपत्र सुरू केले. त्यात एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी मजकूर असे. 1847 मध्ये मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश आला. बातमी, विचार, व्याख्या या रीतीने उत्तम समजतात. वाक्प्रचाराला मात्र ही रीत अपुरी पडते, कारण शेजारच्या स्तंभात त्याचा अर्थ उतरतो, पण तो अर्थ जिथून आला ते काम मागेच राहते.

ते काम म्हणजे शिडाचे जहाज हाकणे. जहाज पुढे चालले असताना वारा एकाएकी फिरला आणि शिडाच्या पुढच्या बाजूवर आदळला, तर शीड डोलकाठीवर मागे दाबले जाते, जहाजाची चाल तुटते, खलाशांची तारांबळ उडते. हेच ‘टेकन अबॅक’. भांबावलेल्या माणसाला इंग्रजांनी हा शब्द पुढे लावला. ‘बाय अँड लार्ज’ ही जोडीही वाऱ्याचीच. ‘बाय’ म्हणजे वारा येतो त्या दिशेला जमेल तितके जवळून जाणे, ‘लार्ज’ म्हणजे वारा मागून घेऊन मोकळे धावणे. दोन्ही प्रकारे नीट चालणारे जहाज एकंदरीत चांगलेच, म्हणून आज त्याचा अर्थ ‘एकंदरीत’.

‘थ्री शीट्स टू द विंड’ मध्ये ‘शीट’ म्हणजे कागद नव्हे, चादरही नव्हे. शिडाचा खालचा कोपरा आवळून धरणारा तो दोर. असे तीन दोर सुटून वाऱ्यावर गेले की शिडे फडफडतात आणि जहाज झिंगल्यासारखे हेलपाटते. झिंगलेल्या माणसाचे वर्णन इथूनच आले. ‘फर्स्ट-रेट’ ही ब्रिटिश आरमाराची प्रतवारी. युद्धनौकांचे सहा वर्ग होते आणि शंभर किंवा त्याहून अधिक तोफांची नौका पहिल्या वर्गाची.

ज्यांच्या तोंडी ही भाषा घडली, ते खलाशी या किनाऱ्यावर येऊन गेले. 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी मालवणच्या बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. 1765 मध्ये इंग्रजांनी तो घेतला आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. ते नाव टिकले नाही, किल्ला सिंधुदुर्ग म्हणूनच ओळखला जातो. पण शीड, सुकाणू आणि दोर यांची समज दोन्ही बाजूंच्या दर्यावर्दींना सारखीच होती. म्हणून तर मराठीतही ‘बुडत्याचा पाय खोलात’ जातो, कारभाराचे ‘सुकाणू हाती’ येते आणि संसाराची नौका किनाऱ्याला लागते.

कट्टा गाव आतल्या बाजूला असले तरी मालवणची जेटी त्याला परकी नाही. बॅ. नाथ पै सेवांगण या संस्थेचे कामही इथे चालते. लोकसभेत अस्खलित इंग्रजीत बोलणारे नाथ पै याच किनाऱ्यावर, वेंगुर्ल्यात जन्मले. इंग्रजी ही दूरच्या साहेबाची मिरास आहे, हा समज अशा गावात टिकू नये.

म्हणून शिक्षकांना आग्रहाने सांगावेसे वाटते: ज्या वाक्प्रचाराचे कूळ ठाऊक आहे, तो अर्थाआधी त्याच्या कामासकट शिकवा. वारा फिरला की काय होते हे मुलांना आधी विचारा. होडीवर जाणाऱ्या घरातले मूल त्या तासाला वर्गाला शिकवेल, आणि इंग्रजीला घाबरणाऱ्या त्याच मुलाला कळेल की या भाषेतले बरेच काही आपल्या बापाच्या धंद्यातूनच समजते.