चुलीचा वैल आणि घरगुती काटकसरीची सव्वाशे वर्षे

कुटुंब विभक्त झाले म्हणजे 'वेगळी चूल मांडली' असे आपण म्हणतो. घरातील लहानथोर सर्वांना जेवावयास बोलावले, त्या दिवशी त्या घरी रांधण्याचे कारणच उरू दिले नाही, तर ते 'चूलबंद आमंत्रण' होते. मराठी माणसाने घराची ओळख चुलीवरून ठरविली. म्हणून घरगुती काटकसरीचा इतिहास सांगावयाचा तर त्याचा आरंभही चुलीपासूनच करणे आम्हांस योग्य वाटते.

वीज जपून वापरा, गॅस वाचवा, पाणी वाया घालवू नका, म्हणजे पैसाही वाचेल आणि पृथ्वीही वाचेल, असा उपदेश आज शाळेच्या फळ्यापासून दूरदर्शनच्या पडद्यापर्यंत सर्वत्र ऐकू येतो. उपदेश रास्तच आहे. परंतु तो ऐकताना असा समज होतो, की आपले पूर्वज उधळे होते आणि काटकसरीचा शोध आपल्या पिढीने लावला. इतिहास तसे सांगत नाही. इतिहास आणखीही एक गोष्ट सांगतो आणि तिच्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही : घरातील इंधन वाचविण्याचे जे जे प्रयत्न झाले, त्यांपैकी काही टिकले व काही मातीमोल झाले. असे का झाले, हे पाहण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

जुन्या चुलीचे शहाणपण

आमच्या वाचकांपैकी ज्यांचे वय आज साठीच्या पुढे आहे, त्यांना चुलीचा वैल आठवत असेल. मुख्य चुलीच्या बाजूस, तिला आतून एका भोकाने जोडलेली ती धाकटी चूल. तिच्यात वेगळे लाकूड घालावे लागत नसे. मोठ्या चुलीवर भाकरी होत असता तिच्यातून निसटणारी उष्णता वैलाकडे जाई आणि तेथे आमटी मुरे किंवा दूध मंदपणे तापत राही. वाया जाणारी उष्णता दुसऱ्या कामाला लावावी, हे तत्त्व आजचे अभियंते मोठमोठ्या कारखान्यांत वापरतात. मातीच्या चुलीत ते पिढ्यान् पिढ्या नांदत होते.

असे आणखीही किती सांगावे! भाजीच्या पातेल्यावर झाकण ठेवून त्या झाकणात पाणी घालीत. खालची वाफ कोंडून भाजी लवकर शिजे, आणि रस्सा वाढवावयाचा झाला तर तेच तापलेले पाणी हाताशी असे. रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवले की सकाळी काडी ओढावी लागत नसे. राखेने भांडी लख्ख होत. किनारपट्टीवर झावळ्या, करवंट्या आणि नारळाची सोडणे यांनी न्हाणीघरातील तांब्याचा बंब पेटे. टाकून द्यावयाची वस्तू घरात जवळजवळ नसेच.

मात्र या गतकालाचे गोडवे गात बसणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. उघड्या चुलीत जळणाऱ्या लाकडाच्या उष्णतेपैकी जेमतेम दहावा हिस्सा भांड्यापर्यंत पोहोचतो. बाकीची उष्णता इकडेतिकडे जाते आणि धूर घरात कोंडतो. तो धूर पुढे दम्यासारख्या श्वासाच्या विकारांच्या आणि मोतीबिंदूच्या रूपाने रांधणाऱ्या बाईच्या वाट्यास येतो, हे वैद्यकशास्त्राने आता निश्चितपणे दाखवून दिले आहे. लाकडाचा भारा डोक्यावरून आणणारी तीच, फुंकणीने जाळ करणारी तीच आणि काजळी खरवडणारीही तीच. घराने पैसा खर्च केला नव्हता हे खरे. पण तो खर्च एका व्यक्तीच्या देहातून वसूल होत होता. काटकसरीच्या इतिहासाचा हा दुसरा पैलू ध्यानी ठेवूनच पुढे गेले पाहिजे.

इकमिक कुकर आणि मगनदीप

विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रश्नाकडे काही विचारी माणसांचे लक्ष गेले. १९१० मध्ये कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी 'इकमिक कुकर' तयार केला. एकावर एक ठेवलेले डबे, खाली थोडासा कोळसा आणि मध्ये पाण्याची वाफ, अशी त्याची रचना. भात, डाळ व भाजी एकाच आचेवर शिजे आणि एकदा मांडून ठेवल्यावर त्याच्यापाशी बसून राहावे लागत नसे. इंधन वाचविताना माणसाचा वेळही वाचला पाहिजे, ही दृष्टी येथे स्पष्ट दिसते.

दुसरे नाव महाराष्ट्राशी निगडित आहे. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. गांधीजींच्या प्रेरणेने निघालेल्या या संघाची धुरा वाहिली ती तंजावरकडील एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या जे. सी. कुमारप्पा यांनी. हिशेबतपासनीस म्हणून उत्तम बस्तान बसलेले असता ते सोडून ते खेड्यांच्या अर्थकारणाकडे वळले. जमिनीखालचा कोळसा आणि खनिज तेल हा साठा आहे, तो उपसला की संपतो; शेतातले तेलबी मात्र दरवर्षी नव्याने उगवते. म्हणून जे पुन्हा उगवते त्यावर संसार उभारावा, असा त्यांच्या विचाराचा गाभा होता. त्यातूनच मगनवाडीत 'मगनदीप' तयार झाला. रॉकेलच्या कंदिलाची रचना बदलून त्यात वनस्पती तेल जळेल अशी ती योजना होती. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तेथील तेलविहिरी हातच्या गेल्या आणि भारतात घासलेटाची चणचण भासू लागली, तेव्हा परदेशी तेलावर घरचा दिवा अवलंबून ठेवण्यातील धोका सर्वांनाच कळून आला. त्याच धामधुमीत कारावासात असताना कुमारप्पांनी 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हा आपला ग्रंथ लिहिला. तो १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. आज ज्याला शाश्वत विकास म्हणतात, त्याची मांडणी या ग्रंथात आढळते.

निर्धूर चुलींचे काय झाले?

१९४७ मध्ये मगनवाडीतूनच 'मगन चूल' पुढे आली. १९५३ मध्ये हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी धुराडे असलेली, एकाच जाळावर अनेक भांडी ठेवता येतील अशी चूल सिद्ध केली. वैलाचेच तत्त्व येथे शास्त्रीय रीतीने मांडलेले होते. पुढे १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ मध्ये तो थांबेपर्यंत देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली बसविल्या गेल्याची नोंद आहे. आकडा डोळे दिपविणारा आहे. परंतु पाहणी करणाऱ्यांना पुष्कळ ठिकाणी त्या चुली मोडलेल्या किंवा न वापरता पडून राहिलेल्या आढळल्या.

याची कारणे शिकण्याजोगी आहेत. धुराडे काजळीने तुंबे आणि ते साफ करण्याची व्यवस्था नसे. चुलीचे तोंड लहान असल्याने लाकडे बारीक फोडावी लागत, म्हणजे बाईचे आणखी एक काम वाढे. भांड्यांचा आकार प्रत्येक घरी निराळा, तर चुलीचे माप मात्र एकच. उद्दिष्ट पुरे करण्याची घाई असल्यामुळे जिला त्या चुलीवर जन्मभर रांधावयाचे, तिला फारसे कोणी विचारलेच नाही. हेतू उदात्त होता, शास्त्रही बरोबर होते. उणीव होती ती घरधनिणीचा सल्ला घेण्याची.

शिट्टी आणि निळी ज्योत

याच्या उलट उदाहरण प्रेशर कुकरचे. दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये वाफ कोंडून अन्न शिजविण्याचे भांडे लंडनमध्ये सिद्ध केले होते. ते आपल्याकडे कारखान्यात तयार होऊन घरोघर जाऊ लागले ते १९५९ नंतर. त्या वर्षी हॉकिन्स व प्रेस्टिज या दोन्ही नावांच्या कुकरांचा भारतात आरंभ झाला. उघड्या भांड्यातील पाणी १०० अंश सेल्सियसच्या वर तापत नाही. कोंडलेल्या वाफेत तेच १२० अंशांच्या जवळपास पोहोचते. म्हणून तासभर रटरटणारी डाळ थोड्या मिनिटांत शिजते. कुकरने इंधन वाचविले आणि बाईचा वेळही वाचविला. त्याच्या प्रसाराला कोणा सरकारी उद्दिष्टाची गरज पडली नाही.

गॅसची कथाही तशीच. १९५५ मध्ये मुंबईत बर्मा-शेल कंपनीने स्वयंपाकाचा गॅस सिलिंडरमधून देण्यास सुरुवात केली. त्यापूर्वी, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, शहरी मध्यमवर्गाचा भार स्टोव्हवर होता. 'स्टोव्हचा भडका उडून' एखादी सून दगावल्याची बातमी त्या काळच्या वृत्तपत्रांत वरचेवर असे आणि अनेकदा अपघात या शब्दाआड अत्याचार दडलेला असे. गॅसची निळी ज्योत आली तेव्हा गृहिणीला हायसे वाटले, ते केवळ सोयीमुळे नव्हे. मात्र जोडणीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. म्हणून मिळालेला सिलिंडर पुरवून वापरण्याची कला घरोघरी आपोआप वाढीस लागली.

१९७३ च्या ऑक्टोबरात पश्चिम आशियात युद्ध पेटले आणि काही महिन्यांतच खनिज तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. आपल्या सरकारलाही इंधनबचतीचा विचार तातडीने करावा लागला. १९७८ मध्ये पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघ स्थापन झाला. त्याच सुमारास इंडियन ऑइलच्या संशोधकांनी कमी रॉकेलात अधिक उष्णता देणारा 'नूतन' हा वातीचा स्टोव्ह पुढे आणला. या संघाने स्वयंपाकघरासाठी ज्या सूचना दिल्या, त्या आठवून पाहाव्यात : सर्व तयारी हाताशी घेऊन मगच शेगडी पेटवा, डाळी व कडधान्ये आधी भिजत घाला, भांड्यावर झाकण ठेवा, उकळी आली की आच कमी करा. शेवटच्या सूचनेमागील शास्त्र सोपे आहे. उकळणारे पाणी मोठ्या आचेवर अधिक तापत नाही, ते केवळ लवकर आटते. या सूचना वाचून आमच्या आजीने मान डोलावली असती. तिला त्यांत नवीन काहीच आढळले नसते.

खरकट्यातील इंधन

टाकाऊ वस्तूपासून इंधन मिळविण्याचा मुंबईतील एक जुना दाखला फारसा कोणास ठाऊक नाही. महापालिकेचे आयुक्त ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये माटुंग्यास निराधार कुष्ठरोग्यांसाठी आश्रम सुरू झाला. मराठी पोवाड्यांचे संग्राहक म्हणून ज्यांची ख्याती आहे, तेच हे ॲकवर्थ. ज्यांना समाजाने गावाबाहेर टाकले होते, त्यांच्या या वस्तीत १८९७ मध्ये मैल्यापासून निघणारा ज्वलनशील वायू गोळा करून तो दिव्यांसाठी वापरण्यात आला. पुढे जशभाई पटेल यांनी सिद्ध केलेला गोबरगॅसचा नमुना खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६२ मध्ये स्वीकारला आणि तो खेड्यापाड्यांत पोहोचला. ज्यांच्याकडे पुरेशी गुरे होती त्यांना तो लाभला. ज्यांची गुरे विकली गेली त्यांच्या टाक्या कोरड्या पडल्या.

हाच धागा पुण्याच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे 'आरती'ने, पुढे नेला. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये ही संस्था स्थापन केली. शेणाऐवजी स्वयंपाकघरातील पिष्टमय खरकट्यावर चालणारे छोटे संयंत्र तिने तयार केले आणि २००६ मध्ये त्यास ॲशडेन पुरस्कार लाभला. त्याच संस्थेच्या 'सराई' कुकरमध्ये सुमारे शंभर ग्रॅम कांडीकोळशावर पाच माणसांचा स्वयंपाक होतो. इकमिकचेच हे नवे रूप होय.

आजच्या घरासाठी

आता दिव्याकडे वळू. ६० वॉटचा जुना बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिटे वीज लागते. तेवढाच प्रकाश देणाऱ्या ९ वॉटच्या एलईडी दिव्याला दीड युनिटही पुरे होते. सरकारी खरेदीत अशा दिव्याची किंमत २०१४ मध्ये तीनशे रुपयांच्या वर होती. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली आणि २०१६ पर्यंत ती किंमत चाळीस रुपयांच्या आत आली. हा दिवा कोणाच्याही श्रमात भर घालीत नाही, म्हणून तो सहज घरोघर गेला.

या सव्वाशे वर्षांचा निष्कर्ष आम्हांस असा दिसतो : जी काटकसर घरातील सर्वांनी वाटून घेतली, किंवा जिने रांधणाऱ्या व्यक्तीचा भार हलका केला, तीच टिकली. जी एकाच्या माथी मारली गेली, ती शास्त्रशुद्ध असूनही मोडली. हे केवळ चुलीपुरते खरे नाही. कपडे धुण्याचे पाणी झाडांना घालावे, ओला कचरा वेगळा करावा, कापडी पिशवी न्यावी, ही सारी व्रते स्तुत्य आहेत. परंतु ती सारी घरातील एकाच बाईने पाळावयाची आणि इतरांनी तिचे कौतुक करावयाचे, असे ठरले तर जुन्या चुलीचा अन्यायच नव्या नावाने चालू राहील.

मग आरंभ कोठून करावा? आदल्या रात्री कडधान्य भिजत घालण्यास फार कौशल्य लागत नाही. ते काम घरातील पुरुषाने किंवा शाळकरी मुलाने अंगावर घ्यावे. खोलीतून जो शेवटी बाहेर पडेल त्याने दिवा व पंखा बंद करावा. खरकटे वेगळे काढण्याचे काम ज्याने त्याने आपल्या ताटापासून करावे. आणि एक गोष्ट अगत्याची : रात्रीचे जेवण सर्वांनी एकाच वेळी, एकत्र बसून घ्यावे. चार माणसे चार वेळा जेवली म्हणजे तीच आमटी चार वेळा गरम होते, गॅस चौपट जळतो आणि वाढणारीला चार वेळा उठावे लागते. एकत्र बसलेल्या कुटुंबाची आमटी एकदाच तापते, आणि तिलाही सर्वांबरोबर पानावर बसता येते.