उंची मोजायची कुठून?
किनाऱ्यावरच्या इमारती आणि नियमांच्या तीन मोजपट्ट्या

‘टॅन’ शिकवायला घेतला की वर्गातला एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, “सर, याचा उपयोग काय?” मग आपण झाडाची किंवा दीपगृहाची उंची काढण्याचे ठरलेले उदाहरण फळ्यावर मांडतो. त्याऐवजी मुंबईची गोष्ट सांगून पाहावी. सुमारे शंभर वर्षांपूर्वी या शहरात घर किती उंच असावे हे एका कोनाने ठरवायला सुरुवात झाली. पुढे तेच काम एका गुणोत्तराने केले आणि त्यानंतर समुद्राच्या भरतीने. शहर तेच, किनारा तोच, पण मोजपट्टी तीनदा बदलली. हे का घडले ते पाहू या.

साडेत्रेसष्ट अंश

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना काही रुग्णांमध्ये ग्रंथिज्वराची, म्हणजे प्लेगची लक्षणे दिसली. लवकरच साथ शहरभर पसरली. त्या काळच्या चाळी एकमेकींना चिकटून उभ्या असत. दोन चाळींमध्ये सांडपाणी आणि मैला वाहून नेणारी अरुंद घरगल्ली असे. समजा, ही गल्ली सव्वा मीटर रुंद आहे आणि समोरची चाळ १५ मीटर उंच आहे. तळमजल्यावरच्या खोलीतून आकाशाचा तुकडा पाहायचा तर नजर ८५ अंश वर करावी लागेल. म्हणजे जवळजवळ थेट डोक्यावर. अशा खोलीत भर दुपारीही दिवा लागत असणार.

या परिस्थितीवर उपाय म्हणून १८९८ मध्ये कायद्याने ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. दाट वस्त्या पाडणे, नवे रस्ते काढणे आणि नवी घरे बांधवून घेणे हे त्याचे काम. ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी घरातल्या उजेडाचा आणि हवेचा प्रश्न चिकाटीने मांडला. त्यांनी ज्या नियमाचा आग्रह धरला तो असा : खोलीच्या बाहेरील भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेषा काढली, तर तिचा जमिनीशी होणारा कोन ६३½ अंशांपेक्षा जास्त असता कामा नये.

हा विचित्र आकडा कुठून आला? त्रिकोणमितीचे कोष्टक उघडून पाहा. ६३½ अंशांचा टॅन जवळजवळ बरोबर २ येतो. म्हणजे समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नको. १० मीटर जागा सोडलीत तर २० मीटर उंच बांधा. लंडनच्या १८९४ च्या इमारत कायद्यात घरामागच्या मोकळ्या जागेसाठी हाच कोन होता. ४५ अंशांचा नियम याहून उदार ठरला असता, कारण त्यात उंचीइतकीच जागा सोडावी लागते. पण जमिनीच्या टंचाईत गांजलेल्या मुंबईला तो झेपणारा नव्हता.

येथे एक गंमत विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावी. प्लेग कोंदट हवेमुळे आणि अंधारामुळे पसरतो असा त्या वेळी अनेकांचा समज होता. पिसवांमार्फत हा रोग उंदरांकडून पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ याने कराचीत दाखवले ते नेमके १८९८ मध्ये, म्हणजे ट्रस्टच्या जन्मवर्षीच. प्लेगचे कारण असे निराळे निघाले, तरी उजेडाचा नियम वाया गेला नाही. क्षयाच्या दृष्टीने मोकळी हवा आणि सूर्यप्रकाश हितकारकच होते. कारण चुकीचे आणि उपाय मात्र उपयोगी, असा हा विज्ञानाच्या इतिहासातला एक नमुना.

या नियमात ‘इतके मजले’ असे कुठेच म्हटलेले नाही, हेही ध्यानात घ्यावे. तो माणसाला किती आकाश मिळावे एवढेच सांगतो. तो मोजायचा तळमजल्यापासून, म्हणजे सर्वांत अंधाऱ्या खोलीत राहणाऱ्या माणसाच्या जागेवरून.

१९२० च्या दशकात सुरू झालेल्या बॅकबे भरावामुळे समुद्र हटला आणि मरीन ड्राइव्हची अर्धवर्तुळाकार इमारतींची ओळ उभी राहिली. येथल्या बहुतेक इमारती १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या. भूखंड भाडेपट्ट्याने देताना अटी घालता येत असल्याने समुद्रासमोरच्या या इमारतींच्या माथ्यांची रेषा जवळजवळ सरळ राहिली. ट्रस्टचे काम १९३३ मध्ये नगरपालिकेत विलीन झाले आणि उंचीवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी पालिकेकडे आली.

चटईने मोजलेले घर

स्वातंत्र्यानंतर भीती बदलली. आता चिंता गर्दीची होती. एका भूखंडावर किती माणसे राहणार? त्यांना पाणी, गटारे, रस्ते पुरतील का? १९६४ च्या विकास आराखड्याबरोबर मुंबईत एक नवे माप आले आणि १९६७ च्या विकास नियंत्रण नियमांनी ते पक्के केले. हा चटईक्षेत्र निर्देशांक, ज्याला सगळे ‘एफएसआय’ म्हणतात. सर्व मजल्यांवर मिळून किती चटई अंथरता येईल, त्या क्षेत्राला भूखंडाच्या क्षेत्राने भागायचे.

मुंबई शहर भागात १.३३ हा निर्देशांक वर्षानुवर्षे परिचित आहे. १,००० चौरस मीटर भूखंडावर १,३३० चौरस मीटर चटई. आता ही चटई ३३३ चौरस मीटरच्या मजल्यांवर अंथरली तर चार मजले होतील. १०० चौरस मीटरचे सडपातळ मजले केले तर तेरा होतील. निर्देशांक तोच, उंची तिप्पट! म्हणजे हे माप गर्दीला आवर घालते, उंचीला थेट घालत नाही. नरिमन पॉइंटला निर्देशांक चढा ठेवला गेला, आणि १९७४ मध्ये तेथे एअर इंडियाची २३ मजली इमारत समुद्रासमोर उभी राहिली. मरीन ड्राइव्हची ओळ तेथे संपते.

क्षेत्र आणि उंची यांतला हा फरक एका खटल्यात फार ठळकपणे पुढे आला. भुलाभाई देसाई मार्गावर, समुद्रालगत, ‘प्रतिभा’ ही ३६ मजली इमारत बांधली गेली. तिच्यात परवानगीपेक्षा २४,००० चौरस फुटांहून अधिक जादा चटईक्षेत्र असल्याचे आढळले. १९८४ मध्ये महापालिकेने नोटीस दिली आणि वरचे आठ मजले पाडण्याचा निर्णय झाला. सोसायटीचे म्हणणे असे, की जादा क्षेत्र काढायचेच आहे, तर इमारत उभी कापून तेवढा भाग काढू द्या, मजले राहू द्या. हिशेबाने पाहिले तर २४,००० चौरस फूट आडवे कापले काय आणि उभे कापले काय, क्षेत्रफळ तेच. पालिकेने हे मानले नाही, आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सोसायटीचे अपील फेटाळले. नियम मोडून आधी बांधायचे आणि मग वाटाघाटी करायच्या, ही वाट त्या निकालाने बंद करू पाहिली.

भरतीची रेषा

तिसरी मोजपट्टी समुद्राने दिली. नोव्हेंबर १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून कळवले, की भरतीच्या कमाल रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवावा. पत्र म्हणजे कायदा नव्हे. तो आधार १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने मिळाला आणि १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे ‘सीआरझेड’ची अधिसूचना निघाली.

उधाणाच्या भरतीचे पाणी जमिनीवर जिथवर पोचते, ती भरतीरेषा. भांगाच्या भरतीला पाणी तिच्या बरेच अलीकडे थांबते, म्हणून मोजायचे ते उधाणालाच. या रेषेपासून आत ५०० मीटरचा पट्टा नियमनाखाली आला. भरतीचे पाणी जिथे शिरते त्या खाड्यांचे काठही त्यात आले. आधीच विकसित झालेल्या शहरी भागात रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूला नवी इमारत नाही, आणि जमिनीकडच्या बाजूला ‘सध्याच्या’ स्थानिक नियमांप्रमाणेच बांधकाम. ग्रामीण किनाऱ्यावर पहिले २०० मीटर मोकळे. २०० ते ५०० मीटरमध्ये घर बांधता येई, पण दोनच मजल्यांचे आणि ९ मीटरपर्यंत उंचीचे.

‘सध्याचे नियम’ या दोन शब्दांनी मुंबईत मोठाच पेच निर्माण केला. मुंबईच्या नव्या विकास नियंत्रण नियमावलीला शासनाने मंजुरी दिली ती २० फेब्रुवारी १९९१ रोजी, म्हणजे अधिसूचनेच्या दुसऱ्या दिवशी. अंमल सुरू झाला २५ मार्चला. एका दिवसाच्या या अंतरामुळे किनाऱ्यालगतच्या भूखंडांना जुने १९६७ चे नियम आणि त्यापलीकडच्या मुंबईला नवे, अशी विभागणी झाली. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात हाच अर्थ कायम केला. परिणामी किनाऱ्याजवळच्या कितीतरी जुन्या, मोडकळीस आलेल्या इमारतींचे पुनर्बांधणीचे गणित जुळेना. २०११ च्या अधिसूचनेने काही सवलती दिल्या. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने शहरी किनाऱ्याला त्या दिवशीचे स्थानिक नियम लागू केले आणि १९९१ ची गोठण सुटली.

नऊ मीटरच का?

अधिसूचनेत या आकड्याचे कारण लिहिलेले नाही. पण तिच्यातच विहिरींबद्दलचे एक कलम आहे आणि ते शेजारी ठेवून वाचले, की बरेच उमगते. भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसण्यावर बंदी होती, आणि त्यापुढे ५०० मीटरपर्यंत साध्या विहिरीतून हातानेच पाणी काढण्याची मुभा होती.

किनाऱ्याच्या वाळूत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची घनता १.०००, समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०२५. घायबेन आणि हर्झबर्ग यांनी यावरून हिशेब मांडला : समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडे पाणी साठले असेल, तर सपाटीखाली सुमारे ४० मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी असते. उलट वाचा. उपशामुळे वरची पातळी १ मीटर उतरली, तर कालांतराने खालून खारे पाणी सुमारे ४० मीटर वर सरकते. घरावर मजले वाढले की माणसे वाढतात, पंप लागतात आणि संडासांचे पाणी त्याच वाळूत जिरते. आपल्या घराचे मजले वाढवणाऱ्याचे पाणी शेजाऱ्याच्या विहिरीत मचूळ होऊन निघते.

नियमाची दुसरी बाजूही सांगायला हवी. कोळीवाड्यातले घर पिढ्यांपिढ्या किनाऱ्यालाच असते, कारण होडी तिथे लागते आणि मासळी तिथेच वाळते. मुलगा वेगळा झाला की वर एक खोली चढवावी लागते. टोलेजंग हॉटेलांना रोखणारा नियम या कुटुंबालाही त्याच पट्टीने मोजू लागला. पुढच्या अधिसूचनांमध्ये कोळीवाड्यांसाठी वेगळ्या तरतुदी कराव्या लागल्या त्या यामुळेच.

रेषा कागदावर नसेल तर?

कोन आणि चटई मोजायला टेप पुरते. भरतीरेषेसाठी मात्र नकाशा लागतो. राज्यांनी वर्षभरात किनारा व्यवस्थापन आराखडे करावेत असे १९९१ मध्ये सांगितले होते. ते रखडले आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांची कानउघाडणी करावी लागली. दरम्यान परवाने मात्र स्थानिक संस्था देतच होत्या.

याचा शेवट कुठे होऊ शकतो, हे केरळात दिसले. कोचीजवळच्या मरडू ग्रामपंचायतीने २००६ मध्ये खाडीकाठच्या उंच निवासी संकुलांना बांधकाम परवाने दिले. राज्याच्या किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाची आवश्यक संमती घेतलेली नव्हती. पुढे नोटिसा निघाल्या, खटले चालले, पण इमारती पूर्ण झाल्या आणि लोक राहायला आले. ८ मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. ११ आणि १२ जानेवारी २०२० रोजी चार संकुले स्फोटकांनी काही सेकंदांत खाली आणली गेली. तेथली घरे विकत घेणाऱ्यांनी पंचायतीचा शिक्का असलेला कागद पाहून आयुष्यभराची पुंजी गुंतवली होती. चूक परवान्यात होती आणि बेघर व्हावे लागले त्यांना.

वर्गात करून पाहा

जाड पुठ्ठ्याचा काटकोन त्रिकोण कापा. पाया ५ सेंटिमीटर, उंची १० सेंटिमीटर. पायाजवळचा कोन आपोआप ६३½ अंशांचा होईल. विद्यार्थ्यांना शाळेजवळच्या एखाद्या गल्लीत न्या. पाया आडवा धरून, गल्लीच्या एका भिंतीला टेकून बसलेल्या मुलाने कर्णाच्या रेषेत समोर पाहावे. समोरच्या इमारतीचा माथा रेषेच्या खाली राहतो की वर जातो? गावातल्या पाच-सहा गल्ल्यांची अशी नोंद करता येईल.

शाळा किनाऱ्याजवळ असेल, तर पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणाच्या वेळी, पाण्यापासून सुरक्षित अंतर राखून, पाणी कुठवर येते ते खुणेने नोंदवावे. मग ग्रामपंचायतीत जाऊन किनारा व्यवस्थापनाच्या नकाशावर आपल्या गावाची भरतीरेषा दाखवायला सांगावे. मुलांची खूण आणि नकाशातली रेषा एका जागी येते का, हे ताडून पाहावे. आली नाही, तर का आली नाही यावर एक तास सहज चर्चा होईल. वाळू सरकली असेल, बंधारा झाला असेल, किंवा रेषा जुन्या पाहणीवरची असेल. आणि नकाशाच मिळाला नाही, तर त्या गावात उंचीचा परवाना कोणत्या आधारावर दिला जातो, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी सरपंचांना अदबीने जरूर विचारावा.