सुगतिपाची नाव आणि कोकणचे पर्यटन

पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ चिंचणी नावाचे किनाऱ्यावरचे गाव आहे. मुंबईकर तिथे शनिवार-रविवार समुद्र बघायला जातात. याच गावात गेल्या शतकात काही जुने ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८चा, म्हणजे इ. स. ९२६चा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्या वेळी संजाण बंदर आणि भोवतालचा मुलूख राजाच्या वतीने एक अरब अधिकारी सांभाळत होता. ताम्रपटाच्या संस्कृतात त्याला ‘ताजिक’ म्हटले आहे आणि त्याचे नाव ‘मधुमती’ असे दिले आहे. मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप असल्याचे अभ्यासक सांगतात. त्याचे दुसरे नाव सुगतिप.

या सुगतिपाने काय केले? नदी ओलांडण्यासाठी लोकांना मोफत नावा सुरू केल्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी अन्नछत्र उघडले, तिथे भात, कालवण आणि तूप फुकट मिळे. शिवाय त्याच्या कारकिर्दीत, राजाच्या संमतीने, देवीच्या एका मठिकेला गावाचे दान दिले गेले. मठिकेची डागडुजी आणि देवीचा नैवेद्य त्यातून चालावा, ही व्यवस्था. हे सगळे त्या तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले आहे.

आज सरकारी आराखड्यात ‘दळणवळण, निवास-न्याहारी, वारसा जतन’ अशी कलमे असतात. ११०० वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर एका मुस्लिम अधिकाऱ्याने एका हिंदू राजाच्या चाकरीत राहून ही तिन्ही कलमे अमलात आणली होती. पण कोकणच्या पर्यटनाच्या कुठल्या जाहिरातीत तुम्ही सुगतिपाचे नाव वाचले आहे का?

कोकणची ओळख घडवण्याचे काम गेली काही दशके जोरात सुरू आहे. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार जलदुर्ग आहेत. या तिन्ही गोष्टींचा आनंदच आहे. पण या सगळ्यातून जे चित्र तयार होते, त्यात निळा समुद्र, माड, आंबा, मंदिर आणि किल्ला एवढेच उरते. बंदरे जवळजवळ नाहीत. आणि बंदरे नाहीत म्हणून त्या बंदरांत हजार वर्षे राहिलेला मुसलमानही नाही. असलाच तर किल्ल्याच्या गोष्टीत शत्रू म्हणून.

वास्तविक आपली भाषाच याची साक्ष देते. ‘बंदर’ आणि ‘दर्या’ हे फारसी शब्द. कोळीवाड्यातला ‘नाखवा’ म्हणजे फारसीतला नाखुदा, जहाजाचा मालक. ‘खलाशी’ आणि ‘मोसम’ अरबीतून आले. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहणारा नाखवा आणि मोहल्ल्यातला दाल्दी मच्छीमार, दोघेही समुद्राची एकच भाषा बोलतात. ती एका जमातीची मालमत्ता नाही.

आता चौल घ्या. अलिबागपासून जवळ असलेल्या या गावाला अरब लोक सैमूर म्हणत. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६-१७च्या सुमारास, अल-मसूदी हा इतिहासकार तिथे आला होता. त्याने लिहून ठेवले की, इथे सुमारे १० हजार मुसलमान राहतात. कोणी सिराफचे, कोणी ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे, तर कोणी इथेच जन्मलेले. त्यांचे आपसातले तंटे त्यांच्यातलाच एक प्रमुख सोडवी आणि त्याला राजाची मान्यता असे. पुढे १४६९ मध्ये अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी याच चौलला उतरला. शेजारच्या रेवदंड्यात पोर्तुगीज तटबंदी आणि बेने इस्रायलींचे सिनेगॉग आहे. खाडीपलीकडच्या कोर्लईत आजही पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली बोलली जाते. काही मैलांच्या परिसरात एवढे जग सामावलेले आहे. तरी पर्यटक रेवदंड्याच्या वाळूवर फोटो काढून पुढे निघून जातो, कारण इथे काय बघायचे हे त्याला कोणी सांगितलेलेच नाही.

दाभोळची कथा आणखी बोलकी आहे. वाशिष्ठीच्या मुखावरचे हे बंदर बहमनी आणि आदिलशाही काळात घोड्यांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध होते. हजचे यात्रेकरूही इथून निघत. १५०८च्या डिसेंबरअखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने हे शहर जाळले. ते पुन्हा उभे राहिले, पण पुढे व्यापार सुरत-मुंबईकडे वळला तसे ओस पडत गेले. खाडीकाठची विजापुरी शैलीची मशीद तेवढी उरली. आदिलशाही घराण्यातली एक राजकन्या हजला निघाली होती, तिला पुढे जाता आले नाही म्हणून तिने तो पैसा या मशिदीवर खर्च केला, अशी लोककथा आहे. आज ‘दाभोळ’ म्हटले की लोकांना एन्रॉन आठवते. गंमत म्हणजे तो वीज प्रकल्प दाभोळात नाहीच. तो खाडीच्या पलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेलला आहे. एका कंपनीने नाव उचलले आणि शेकडो वर्षांच्या बंदराची ओळख पुसली. एखाद्या जागेचा ‘ब्रँड’ तिथल्या लोकांना न विचारता केला की काय होते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

जंजिऱ्याबद्दल थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत तिथे आफ्रिकी वंशाच्या सिद्दींची सत्ता होती. हा किल्ला कोणाला जिंकता आला नाही, याचा आपल्यातल्या काहींना अभिमान वाटतो. पण सिद्दींच्या स्वाऱ्यांनी किनाऱ्यावरच्या रयतेचे हाल केले, हेही खरे आहे. ते लपवून चालणार नाही. तसेच १६७९ मध्ये खांदेरीच्या लढाईत इंग्रजांशी आणि सिद्दीशी झुंजणाऱ्या शिवाजी महाराजांच्या आरमाराचा एक प्रमुख दौलतखान होता, हेही लपवून चालणार नाही. खांदेरी आता जागतिक वारसा आहे. तिथे जाणाऱ्या प्रत्येक पर्यटकाला मायनाक भंडाऱ्याच्या जोडीने दौलतखानाचेही नाव कळले पाहिजे. मग या लढाया धर्माच्या होत्या की राज्याच्या, हे त्याचे त्यालाच समजेल.

कोणी म्हणेल, हा झाला मानापमानाचा प्रश्न, त्याचा शाश्वत पर्यटनाशी काय संबंध? संबंध आहे. चित्र अरुंद असले की गर्दीही अरुंद जागेत होते. सगळे पर्यटक त्याच आठ-दहा किनाऱ्यांवर आणि त्याच सुट्ट्यांत जातात. कोकणात पाऊस प्रचंड पडतो, पण जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. एप्रिल-मेमध्ये गावच्या विहिरी तळ गाठतात आणि नेमका तोच पर्यटनाचा हंगाम. जंजिरा बांधणाऱ्यांनी भर समुद्रात गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव राखले होते. माणसे किती आणि पाणी किती, हा हिशेब त्यांना चुकवता येत नव्हता. आज खोल्या आधी बांधल्या जातात आणि टँकर नंतर शोधला जातो. १९९१च्या अधिसूचनेने किनाऱ्यावरच्या बांधकामांना लगाम घातला होता. २०१९च्या नव्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. समुद्र मात्र मागे सरकलेला नाही.

दुसरा रस्ता आहे आणि तो कोकणातच आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. २००६ पासून तिथे कासव महोत्सव होतो. पर्यटक गावकऱ्यांच्या घरात राहतात, घरचे जेवतात, पहाटे पिल्ले समुद्रात जाताना बघतात. तिथे हॉटेल उभारावे लागले नाही. पैसा गावात राहिला, कासवही राहिले.

वेळासला जे कासवाने केले, ते दाभोळला मशीद आणि चौलला जुने बंदर करू शकते. पण त्यासाठी आपल्यालाही हलावे लागेल. कोकणी मुस्लिम मोहल्ल्यांतली किती तरी घरे आखाती देशांत गेलेल्या माणसांमुळे वर्षातले दहा महिने बंद असतात. त्यातली काही निवास-न्याहारीसाठी उघडता येतील. आपल्या बायकांच्या हातची अखनी, सांदणे आणि तांदळाची भाकरी यांना दाम मिळेल, आणि तो त्यांच्याच हातात पडेल. जमातींकडे जुने कागद, कबरींवरचे शिलालेख आणि जहाजावर गेलेल्या आजोबांच्या आठवणी आहेत. त्या लिहून काढायला सरकारी परवानगी लागत नाही. आणि गावचा पर्यटन आराखडा ग्रामसभेत येईल तेव्हा तिथे हजर राहून बोलले पाहिजे. नंतर आमचे नाव नाही म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही.

दाभोळहून पलीकडे धोपाव्याला आजही फेरीबोट जाते. गाड्या, कोळणी, शाळेची पोरे, पर्यटक असे सगळे एकाच बोटीत उभे असतात. सुगतिपाच्या नावेतही असेच सगळे बसत असणार. पुढच्या वेळी या बोटीत बसलात तर शेजारच्या पाहुण्याला ती ताम्रपटाची गोष्ट सांगा. खाडी ओलांडेपर्यंत सांगून होते.