देवळाचा दावा, कंपनीचा दावा

प्रशासनात ज्या पक्षकारांशी आमची गाठ पडते, ते सगळेच हाडामांसाचे नसतात. कंपन्या, नगरपालिका, देवस्थाने या कायद्याच्या दृष्टीने व्यक्तीच. अशा दोन व्यक्ती एकदा लंडनच्या न्यायालयात समोरासमोर उभ्या राहिल्या.

कुंभकोणमच्या परिसरात, कावेरीच्या खोऱ्यात पत्तूर हे गाव आहे. तेथील विश्वनाथस्वामींचे बाराव्या शतकातील शिवालय पार भग्न झालेले. १९७६ साली त्या जागेजवळ खणताना एका भूमिहीन मजुराला कांस्यमूर्ती सापडल्या. त्यांतला नटराज हस्ते-परहस्ते विलायतेस पोहोचला आणि १९८२ साली बंपर डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या कॅनडाच्या कंपनीने तो सद्भावनेने विकत घेतला. डागडुजीसाठी ब्रिटिश म्युझियममध्ये दिलेली मूर्ती पोलिसांनी जप्त केली. कंपनीने पोलिस आयुक्तांवर दावा लावला. समोर भारत सरकार आणि तामिळनाडू सरकार तर होतेच, पण ते देऊळही स्वतः मालक म्हणून उभे राहिले.

इंग्रजी कायद्याला नोंदणीकृत कंपनी ठाऊक होती. पडके देऊळ फिर्याद करते, ही कल्पना त्याला परकी होती. तरीही अपील न्यायालयाने १९९१ साली ठरवले की, स्वतःच्या देशात जी कायद्याने व्यक्ती आहे, तिला इंग्लंडमध्येही दाद मागता येईल. खालच्या न्यायालयाने तर शिवलिंगाचाही हक्क मानला होता. त्या प्रश्नात शिरण्याची अपिलात गरज पडली नाही. त्याच वर्षी नटराज भारतात परतला.

मात्र व्यक्ती असणे निराळे आणि नागरिक असणे निराळे. कुंभकोणममध्येच १९०४ साली कुंभकोणम बँक स्थापन झाली. तीच आजची सिटी युनियन बँक. अशी कंपनी मालमत्ता बाळगते, दावे लावते, संविधानाच्या चौदाव्या अनुच्छेदातील समानताही मागू शकते, कारण तेथे शब्द ‘व्यक्ती’ असा आहे. एकोणिसाव्या अनुच्छेदातील स्वातंत्र्ये नागरिकांची; कंपनी नागरिक नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या खटल्यात सांगितले. पुढे १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरणाच्या निकालाने भागधारकाला स्वतःच्या नावे दाद मागण्याची वाट मोकळी करून दिली, म्हणजे पुढचे दार बंद आणि मागचे किलकिले! देवालाही या व्यक्तित्वाचा जाच चुकलेला नाही. देवतेच्या उत्पन्नावर आयकर बसू शकतो, हे १९६९ साली ठरले.

मला या साऱ्यात खरा प्रश्न दिसतो तो मुखत्याराचा. कंपनीच्या वतीने संचालक बोलतात आणि ते चुकले तर निदान जाब विचारायला भागधारक असतात. पत्तूरच्या देवळाच्या वतीने बोलला तो नियुक्त प्रतिनिधी; तिकडे त्याला ‘फिट पर्सन’ म्हणतात. त्याने काम चोख केले. पण तो ढिला निघाला असता, तर देवळाने तक्रार कोणाकडे करायची? मूर्ती परत आली, तीही त्या देवळात गेली नाही. सुरक्षेसाठी तिला तिरुवारूरच्या सरकारी मूर्तिसंग्रहात ठेवण्यात आले.