जागल

चंद्रपूर-गडचिरोलीकडे धान लोंबीवर आलं की संध्याकाळी घराघरातून ऐकू येतं : ‘बाप जागलीले गेला.’ बांधीच्या धुऱ्यावर मचाण, खाली शेकोटी, हाताशी रिकामा डबा. रानडुकरं आली की डबा बडवायचा, नाही आली तरी जागायचं. ‘पहारा’ आला प्रहरातून, म्हणजे त्यात वेळेचा हिशेब आहे. ‘राखण’ आली रक्षणातून, तिच्यात राखायची वस्तू पुढे असते. ‘जागणे’तून आलेल्या ‘जागली’त मात्र आधी दिसतो तो जागणारा माणूस, तांबरलेल्या डोळ्यांचा.

२०२३ साली ताडोब्याच्या मोहर्ली परिक्षेत्रात, सीतारामपेठला, नवाच जागल्या उभा राहिला. जंगलाकडे तोंड केलेले कॅमेरे. समोर आलेलं जनावर वाघ आहे का, हे कृत्रिम बुद्धिमत्ता ओळखते आणि गावकऱ्यांच्या मोबाइलवर इशारा जातो. ‘बुद्धी’चा धातू ‘बुध्’. त्याचा जुना अर्थ जागं होणं, सावध होणं. वेदात अग्नीला ‘उषर्बुध’ म्हटलं आहे, पहाटे जागा होणारा. म्हणजे अर्थाच्या नात्यानं बुद्धी आणि जागल भावकीतल्याच. वाघाच्या हल्ल्यात माणसं जातात त्या मुलखात असा जागल्या हवाच, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही.

पण मचाणावरच्या माणसाला वाघच दिसतो असं नाही. पहाटे रानात निघालेल्या बाया दिसतात, आडोशाला गेलेलं कुणी दिसतं. तो खोकतो, आपण इथं आहोत हे कळवतो, मान वळवतो. ही रीत कुणी लिहून ठेवलेली नाही. कॅमेऱ्याला खोकता येत नाही. उत्तराखंडात कॉर्बेटच्या परिसरात त्रिशांत सिमलाई या संशोधकानं १४ महिने काढले, २७० जणांशी संवाद साधला, आणि २०२४ साली मांडलं की प्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांच्या धाकानं बाया जंगलात गाणं, मोठ्यानं बोलणं टाळू लागल्या. आवाजच नाही, तर जनावराला चाहूल कशी लागणार? प्राण्यांसाठीच्या यंत्रांनी माणसांच्या जिवाचा धोका वाढवला. ‘पाळत’ हा शब्दही मुळात ‘पाळणे’चाच, सांभाळण्याचा. आज तो कुणाला मायेचा वाटतो?

माणसांची अशी टिपलेली माहिती वापरायची तर २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं संमतीला पाया मानलं, पण सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाटही ठेवली. ‘संमती’ म्हणजे मन एकत्र येणं. ते एका बटणावर बोट ठेवून होत नाही. कसं होतं ते पाहायचं तर धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) इथं पाहावं. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या या गावात हात वर करून मतं मोजत नाहीत, सगळ्यांचं एकमत होईस्तोवर ग्रामसभा बोलत बसते. कॅमेऱ्याचं तोंड कुठं, माणसाचा फोटो आला तर तो पुसणार कोण, किती दिवसांत, इशारा चुकला आणि कुणाचा जीव गेला तर जबाब कोण देणार, हे सारं असंच बसून ठरायला हवं, आणि तेही खांब रोवायच्या आधी.

जागलीवरून सकाळी परतलेल्या माणसाला घरचे विचारतात, ‘राती का आलतं?’ तो चूळ भरतो आणि सांगतो. खांबावरच्या जागल्याला हेच विचारायचा हक्क रानात जाणाऱ्या बाईला हवा, कायद्यात लिहिलेला, आणि उत्तर तिच्या बोलीत.