किल्ल्याच्या अंगावरचा काळ

दिवाळी आली की आपल्याकडे अंगणोअंगणी मुलांचे किल्ले उभे राहतात. दगड, विटा, गोणपाट, वरून चिखलाचा थर, हळीव-मोहरीची हिरवळ आणि शेवटी गेरूचा हात. झाला किल्ला! पण हा किल्ला कालच बांधल्यासारखा दिसतो. खऱ्या किल्ल्यावर ऊन, पाऊस, धूर आणि माणसांचे पाय यांच्या खुणा असतात. त्या खुणा प्रतिकृतीवर कशा उतरवाव्यात आणि त्यातून इतिहास कसा शिकता येतो, ते आज पाहू.

यासाठी चित्रकाराचे कोरडे पेस्टल फार उपयोगी पडते. पेस्टल म्हणजे रंगाची भुकटी थोड्याशा डिंकात बांधून केलेली कांडी. अठराव्या शतकात व्हेनिसच्या रोझाल्बा कारिएरा या चित्रकर्तीने पेस्टलच्या व्यक्तिचित्रांनी युरोपभर नाव मिळवले. डिंक बेताचाच असल्यामुळे कांडी खरवडली की तिची पुन्हा भुकटी होते. लहान प्रतिकृती करणारे कारागीर याचाच फायदा घेतात. मात्र शाळेतली मुले वापरतात ते तेलकट पेस्टल निराळे. ते १९२५ च्या सुमारास जपानात निघाले. त्यात तेल आणि मेण असते, त्याची भुकटी होत नाही. कोरडे पेस्टल न मिळाले तर फळ्यावरचे रंगीत खडू, चुलीतला कोळसा आणि गेरू यांवरही काम भागते.

कृती सोपी आहे. किल्ला पुरता वाळू द्या. चकचकीत रंगावर भुकटी धरत नाही, म्हणून पृष्ठभाग खरखरीत ठेवा. कांडी कागदावर ब्लेडने खरवडा आणि भुकटी मऊ कुंचल्याने चढवा. नाकाला रुमाल बांधा बरे का, ही धूळ छातीत जाऊ नये. पाणी झिरपते तिथे वरून खाली काळपट ओघळ, सावलीच्या बाजूस शेवाळाचा हिरवा, दगडफुलाचे राखी ठिपके, दिवा ठेवायच्या कोनाड्यावर काजळी. शेवटी फिक्सेटिव्हचा हलका फवारा मारला की रंग टिकतो. फवाऱ्याने तो थोडा दबतो, म्हणून आधीच अंमळ जास्त चढवावा.

आता खरा प्रश्न. तुमचा किल्ला कोणत्या सालातला? आपल्या जिल्ह्यातला साल्हेर घ्या. उंची १५६७ मीटर. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी तो एक. १६७२ साली याच्या पायथ्याच्या मुलखात मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मोगली फौजेचा उघड्या मैदानात पराभव केला. त्या वर्षीचा साल्हेर करावयाचा, तर पडक्या भिंती नकोत. दरवाजे धड हवेत, पायवाटेवर टापांची धूळ हवी, चुलींचा धूर हवा. आजचा साल्हेर करावयाचा असेल तर रंग वेगळे. साल ठरविल्याशिवाय कांडी हातात घेऊ नये, असे मी म्हणेन.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पडका किल्ला पाहिला की आपण सहज म्हणतो, ‘काळाने खाल्ला.’ नेहमी तसे नसते. १८१८ मध्ये इंग्रजांनी त्र्यंबकगड घेतला आणि त्यापाठोपाठ हरिहरसह सतरा किल्ले त्यांच्या हाती आले. हे किल्ले पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून पुढे अनेक ठिकाणच्या वाटा आणि पायऱ्या फोडून टाकण्यात आल्या. इगतपुरीकडच्या अलंग-मदनवर चढताना आज दोर लागतो तो यामुळेच. उलट हरिहरच्या उभ्या कड्यातल्या पायऱ्या आणि हात धरायच्या खोबण्या शाबूत आहेत.

म्हणजे एक झीज पावसाची आणि पायांची, दुसरी सुरुंगाची. पहिली सावकाश होते, कडा गोल करते, पायरी मधोमध खोलगट करते. दुसरी एका दिवसात होते आणि पायरीच नाहीशी करते. हरिहरच्या पायरीला मधोमध उजळ धुळीचा हात द्या. अलंगची वाट मात्र मुलांना मधेच तोडायला सांगा आणि ती कोणी तोडली हेही सांगा. एवढा फरक ज्या मुलाला कळला, त्याला १८१८ हे साल पाठ करावे लागणार नाही.

गावाजवळ किल्ला नसला तर गढी असेल, वेस असेल, जुनी बारव असेल. प्रतिकृती करण्याआधी मुलांना तिथे घेऊन जा. पाणी कुठून उतरते, पाय कुठे पडतात, दगड झिजला आहे की फोडला आहे, हे वहीत टिपून घ्यायला सांगा. रंग त्यानंतर.